भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा बशीर रेडिओ

तुमच्या दुकानात, ऑफिसात, दारावर कॅमेरा लावलेला आहे ना? मग छातीवर हात ठेवून सांगा, या घडीला तो कोण कोण पाहतंय?

“आम्हीच पाहतो, दुसरं कोण?” असंच म्हणाल. मीही असंच म्हणत होतो, आणि माझा आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे. माझी चूक माझ्या पदरात घातली ती चिखलीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं. ही त्याची गोष्ट. माझी थोडी येईल, पण ती शरमेची बाजू म्हणून.

त्याचं नाव बशीर. गावात कुणाला विचारलं “बशीर कुठे राहतो”, तर विचारतील, “कोणता बशीर?” ‘बशीर रेडिओ’ म्हटलं की हात आपोआप एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीकडे जातो. दुकानाच्या पाटीवर रेडिओ, टेप, टीव्ही अशी नावं एकाखाली एक रंगवलेली. टेप गेली, जुना टीव्ही गेला, तरी त्यानं एकही नाव खोडलं नाही. खाली ताज्या रंगात ‘कॅमेरा’ एवढं वाढवलं. साठी कधीच ओलांडली. अंगानं बारीक, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. गुडघे कामातून गेलेले.

त्याच्या दुकानाच्या वर आमच्या मजूर संघटनेचं ऑफिस. एक खोली, एक टेबल, दोन कपाटं, एक काळा फळा. मी बाहेर लोकांसाठी भांडत फिरतो, आणि ऑफिस सांभाळतात सिंधूताई. अकरा वर्षं झाली. ताईंचं अक्षर असं, की साहेबसुद्धा अर्ज दोनदा वाचतो.

बशीरभाई मला ‘नेताजी’ म्हणतात. कौतुकानं नाही. मी जिना चढताना दिसलो की दुकानातून आवाज यायचा, “काय नेताजी, आज कोणाले खाल्लं?” मी म्हणायचो, “तुमची पाळी उद्या.” सकाळ सुरू व्हायची ती अशी.

गेल्या वर्षी ऑफिसचं कुलूप कुणीतरी तोडलं. नेलं काय, तर रोजगार हमीच्या हजेरीपत्रकांच्या झेरॉक्स. पंखा तसाच, घड्याळ तसंच. म्हणजे चोर साधा नव्हता. त्यातच मला तीन महिने सोनाळ्याला जाऊन बसायचं होतं. तिथल्या मजुरांना काम मिळत नव्हतं, म्हणून ठिय्या सुरू होता. चिखली ते सोनाळा म्हणजे आमच्या जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. खामगाव, शेगाव करत एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. इथं कपाट फुटलं तर मी तिथून येईपर्यंत चोर जेवून झोपलेला असेल. मी बशीरभाईंना म्हटलं, “कॅमेरे लावा, आणि मला सोनाळ्यात बसून ऑफिस दिसलं पाहिजे.”

त्यांनी तीन कॅमेरे लावले. एक दारावर, एक कपाटावर, एक टेबलावर. रेकॉर्डिंगची मशीन कपाटाच्या माथ्यावर ठेवली आणि तिच्यातून एक तार इंटरनेटच्या डब्यात खोचली. पडद्यावर हिरव्या अक्षरात ‘ऑनलाइन’ उमटलं.

“पाय नेताजी, मशीन आता जगाशी बोलून राह्यली. टाक तुझा पासवर्ड.”

एवढं बोलून ते स्टुलावरून उतरले, कोपऱ्यात गेले आणि हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गुरुजींनी शिक्षा केलेल्या पोरासारखे.

“हे काय चाललंय?”

“तू टाक.”

“अहो, तुम्हीच टाका ना. माझी बोटं जाड आहेत.”

“तुझ्या घराची चावी मी काऊन ठेवू? टाक. अन् तोंडानं बोलत बोलत टाकू नको, तुले सवय हाय.”

सिंधूताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पासवर्ड टाकला. दोनदा चुकला. दोन्ही वेळेस भिंतीकडून आवाज आला, “आरामशीर, आरामशीर.” तिसऱ्यांदा माझ्या मोबाइलात ऑफिस उघडलं. तीन चौकोन, आणि एका चौकोनात मी, मोबाइलात डोकं घातलेला. टाळूवरचे केस किती उरले तेही दिसलं.

मग मोबाइलच्या अॅपमधून त्यांनी एक काळा-पांढरा कोड काढून दाखवला. दुकानात पैसे द्यायला असतो तसा.

“याच्यात नाव, पासवर्ड, सगळं भरेल हाय. जो कोणी मोबाइलनं याले टिपन, त्याले चित्र दिसन. हा फक्त ताईसाठी. ताईनं टिपला का पुसून टाकजो.”

“हाव, हाव.”

“हाव हाव नको करू. ही चावी हाय, जाहिरात नाही.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, रेडिओवाला आता मला शिकवणार.

इथं आमच्या संघटनेची एक रीत सांगायला पाहिजे. ती मीच घातली आणि तिचा मला फार अभिमान. जे ऑफिसात आलं ते फळ्यावर. सरकारचं पत्र आलं, फळ्यावर. आम्ही उत्तर दिलं, फळ्यावर. माझ्या एसटीच्या तिकिटांपर्यंत सगळं तिथं टाचलेलं. ज्यांच्या जोरावर आपण बोलतो त्यांच्यापासून लपवायचं काय? मग कॅमेरा तेवढा माझ्या एकट्याच्या मोबाइलात? हे कुठलं लोकांचं ऑफिस?

सोनाळ्याची गाडी पकडायच्या आधी मी तो कोड छापून आणला आणि फळ्यावर चिकटवला. वर जाड पेनानं लिहिलं, ‘हे ऑफिस तुमचं आहे. केव्हाही बघा.’ त्याचाच फोटो काढून संघटनेच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये तीनशे बारा माणसं.

सिंधूताई म्हणाल्या, “भाऊ, बशीरभाईले इचारा त खरं.”

“त्यांना काय विचारायचं? ऑफिस त्यांचं आहे का?”

 बशीरभाई गुडघ्यांमुळे कामाशिवाय वर येत नसत. त्यांना हे कळलंच नाही.

पहिले काही आठवडे अशी मजा आली की मी स्वतःवरच खूश होतो. उकंडराव म्हणून आमचे एक जुने सभासद आहेत. खुबा मोडल्यापासून खाटेवरून उठत नाहीत. ते दिवसभर ऑफिसच बघायला लागले. ताईंना फोन करायचे, “ताई, वरचा पंखा उगाच फिरून राह्यला, बंद करा.” नाहीतर, “आज दोनदा च्या पेल्या तुमी!” अर्ज द्यायला येणारी माणसं आधी कॅमेऱ्यासमोर उभी राहून घरच्यांना हात जोडायची. सोनाळ्यात ठिय्यावर जेवणाच्या वेळी बाया माझा मोबाइल घेऊन बसायच्या आणि “त्या पाय सिंधूताई!” म्हणत चिखलीकडे हात हलवायच्या.

आणि मी? मी तर पहारेकरीच झालो. एका दुपारी पाहिलं, ताई टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या. लगेच फोन लावला.

“ताई, अर्जदार दारात उभा आहे आणि तुम्ही घोरताय!”

“घोरणं आयकू येते का तुमाले?”

“दिसतं!”

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या चौकोनात नुसतं कॅलेंडर दिसायला लागलं. ताईंनी ते कॅमेऱ्यासमोर टांगलं होतं. मी ओरडलो. त्यांनी काढलं, पण म्हणाल्या, “अकरा वर्षं सांभाळलं ऑफिस. तवा तुमचा डोळा कोठी होता, भाऊ?” मी फोन ठेवला. 

आता मयुरीचं सांगतो. हे नाव मी ठेवलेलं आहे, तिचं खरं नाव वेगळं. गाव सांगणार नाही. ती बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीसकट ऑफिसात यायची, अर्धा तास बसायची. नवरा मारायचा. तिनं सांगायचं आणि ताईंनी लिहून घ्यायचं, असं हळूहळू चाललं होतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचा अर्ज तयार होत आला होता. तिची एकच अट होती, घरी कळायला नको. “कळलं त मले बाजारालेही येऊ देणार नाहीत,” ती म्हणायची. ती आमची सभासद नव्हती, आमच्या ग्रुपमध्ये नव्हती. फळ्यावर कोड चिकटवताना मला तीनशे बारा माणसं आठवली. ही एक आठवली नाही.

अर्जावर सही करायला ती आली त्या दिवशी मी सोनाळ्यात पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसलो होतो. नेट तिथंच यायचं. मोबाइलात टेबलाचा चौकोन उघडला. मयुरी बसलेली दिसली. बरं वाटलं, काम होतंय म्हणून. तेवढ्यात ताईंनी फोन उचलला. कानाला लावला आणि उभ्याच राहिल्या. हात तोंडावर गेला. मग त्या खिडकीकडे धावल्या आणि खाली वाकून कुणाला तरी हाका मारायला लागल्या. आवाज येत नाही त्या कॅमेऱ्यात.

आणि बशीरभाई आले. जो माणूस दर चौथ्या पायरीवर बसतो, तो एका दमात वर आलेला. कुणाशी एक शब्द नाही. खुर्ची ओढली, वर चढले, डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलाच्या कॅमेऱ्यावर घातली. तो चौकोन पांढरा झाला. थोड्या वेळानं तिन्ही चौकोन गेले. ‘जोडणी नाही.’

माझं डोकं सरकलं. ताईंना फोन लावला, उचलला नाही. बशीरभाईंना लावला.

“टोपी काऊन घातली कॅमेऱ्यावर? कोणाला विचारून बंद केलं?”

“मंग बोलू.”

“मग नाही, आत्ता! ऑफिस माझं आहे! तुमच्यावर भरवसा ठेवला हीच माझी चूक झाली!”

पलीकडून “हाव,” एवढंच. फोन कट.

तासाभरानं ताईंचा फोन आला तेव्हा कळलं. मघाशी त्यांना फोन केला होता मयुरीच्या नवऱ्यानं. ग्रुपमधल्या कुणाकडून तरी तो कोड त्याच्यापर्यंत गेला होता. तो एसटी स्टँडवर उभा राहून मोबाइलात बायकोला बघत होता. त्यानं ताईंना तिच्या साडीचा रंग सांगितला. पायाच्या अंगठ्यानं ती फरशी घासतेय, हेही सांगितलं. म्हणाला, “तिले खाली पाठवा. मी निघालो.” स्टँडवरून आमच्या ऑफिसपर्यंत पाच मिनिटं लागतात.

त्या पाच मिनिटांत बशीरभाईंनी टोपी घातली, तार उपटली, मागच्या जिन्यानं मयुरीला खाली नेलं आणि दुकानाच्या मागे आपल्या घरात बायकोच्या, बानोभाभींच्या स्वैपाकघरात बसवलं. भाभींनी तिच्यापुढे लसणाचं टोपलं ठेवलं आणि म्हणाल्या, “सोल बेटा. हात चालू राह्यले का जीव थाऱ्यावर राह्यते.” मग बशीरभाई पुन्हा वर आले. एक जुना रेडिओ टेबलावर उघडून ठेवला आणि ताईंच्या खुर्चीत बसले.

नवरा आला तो दाराला लाथ मारूनच. उंबऱ्यावर उभा राहून ताईंना म्हणाला, “तुमचे हातपाय तोडीन, तिचा त जीवच घेतो. कोठी लपवली?”

बशीरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “बाप्पा, इथी रेडिओ दुरुस्त होते. नवरेही दुरुस्त करतो आम्ही, पण आज सामान नाही.”

तो अंगावर आला. तोवर सिंधूताईंच्या हातात चप्पल आली होती आणि जिन्यात गल्लीतली पंधरा-वीस माणसं. तो शिव्या देत खाली उतरला.

त्याला वाटलं, कॅमेरे बंद आहेत. मलाही तसंच वाटलं होतं. पण बशीरभाईंनी फक्त इंटरनेटची तार काढली होती, मशीनला हात लावला नव्हता. बाहेरच्यांचे डोळे मिटले, मशीनचे उघडेच होते. दारावरच्या कॅमेऱ्यात त्याची लाथ, त्याचा उगारलेला हात, सगळं साठवलं गेलं होतं. आणि मयुरी कोणत्या वाटेनं गेली, ते टोपीखाली झाकलेलं.

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. वाटेत माफीचं भाषण जुळवत होतो. हजार माणसांसमोर माईकशिवाय बोलणारा माणूस मी, पण शेगाव गेलं, खामगाव गेलं, पहिलं वाक्य काही बसेना. आधी वर जाऊन फळ्यावरचा कोड फाडला. तुकडे घेऊन दुकानात आलो आणि त्यांच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी रेडिओच्या तारेला डाग देणं थांबवलं नाही. “बोल, धम्मरत्न.”

वीस वर्षांत या माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती. ‘नेताजी’ ऐकायला माझे कान तरसले. मी म्हटलं, “बशीरभाई...” आणि ते तुकडे त्यांच्याकडे सरकवले.

त्यांनी डाग द्यायचा तापलेला कावीया बाजूला ठेवला. “वर चाल. चावी बदलू.”

“कालच फोनवर विचारला असता पासवर्ड, तर मी सांगितला असता. टोपी घालायची, तार उपटायची वेळच आली नसती.”

“म्हणून त इचारला नाही.”

आम्ही जिना चढलो. दर चौथ्या पायरीवर ते बसले, मीही शेजारी बसलो. घाई कुणालाच नव्हती. वर जाऊन त्यांनी तार पुन्हा जोडली, पडदा माझ्यापुढे केला आणि गेले कोपऱ्यात. भिंतीकडे तोंड.

मी टाकायला लागलो तेव्हा ते भिंतीशीच बोलल्यासारखे बोलले.

“दुकान नवं होतं माझं. एका बाईनं टेप दुरुस्तीले आणला. तिचा आदमी सौदीत. तवा चिठ्ठ्या लिहित नव्हते लोक, कॅसेटीत बोलून पाठवत. कॅसेट आतच राह्यली होती. टेप चालते का पाहाले मी बटन दाबलं. दुकानात चार दोस्त बसेल. ती तिच्या आदमीशी बोलून राह्यली होती. मी दहा सेकंदात बंद करू शकत होतो, धम्मरत्न. नाही केलं. आम्ही पूर्ण आयकली. हासलो.”

मी टाइप करायचा थांबलो.

“टेप नेला तिनं. कोणीतरी तिले सांगतलं असन. मंग ती या गल्लीतून कधी गेली नाही. बाजार पलीकडं असूनही लंबा चक्कर मारून जात जाय. तिचे केस पांढरे झाले, तरी चक्कर तोच. मी माफी मांगाले दोनदा निघालो. काय म्हणू? तुमची कॅसेट चांगली होती म्हणू? तवापासून कोणाचंही लावून देतो, पण चालू होताना पाहत नाही. झालं का तुझं?”

“झालं.”

“पुसलं का आधीचं?”

“पुसलं.”

नवीन पासवर्ड बसला त्या घडीला तीनशे बारा मोबाइल आंधळे झाले. दोन मिनिटांत ताईंचा फोन वाजला. उकंडराव. “ताई, आता त लागला होता टीव्ही, पुन्हा बंद झाला वं!” आम्ही तिघंही हसलो. बशीरभाई अजून भिंतीकडेच तोंड करून होते, त्यांचे नुसते खांदे हलत होते.

टेबलावरचा कॅमेरा त्यांनी काढला आणि दुसऱ्या कपाटावर रोखून लावला. आता ताईंची खुर्ची कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. झोपोत बिचाऱ्या. रोज दुपारी त्या उकंडरावांना फोन करून पंखा कितीवर फिरतोय ते सांगतात. फळ्याची रीत चालू आहे, फक्त ताईंनी वर खडूनं तीन शब्द वाढवले, ‘माणूस सोडून सगळं.’

खाली उतरताना मी म्हटलं, “बशीरभाई, फोनवर मी जे बोललो ते...”

“कोणता फोन?” ते म्हणाले. “चाल नेताजी, च्या पाज.”

दारावरचं रेकॉर्डिंग तक्रारीसोबत पोलिसांकडे दिलं. मयुरीनं अर्जावर सही केली ती बानोभाभींच्या स्वैपाकघरात, लसणाचा वास असलेल्या हातानं. ती आता मावशीकडे राहते. खटला चालू आहे, आणि ती तारखेला स्वतः येते.

पण एक गोष्ट बशीरभाईंच्या टोपीच्या आधी होऊन गेली होती. तिच्या नवऱ्यानं की त्याच्या दोस्तानं, माहीत नाही, कुणीतरी मोबाइलवरचं ते चित्र दुसऱ्या मोबाइलनं टिपून घेतलं. दीड मिनिटाची क्लिप आहे. ऑफिसातलं टेबल, समोर बसलेली एक बाई, आवाज नाही. खाली घाणेरडा मजकूर लिहून ती गावागावांत फिरवली जातेय. साडीचा रंग मी इथं लिहीत नाही, म्हणजे तुम्ही शोधायला जाणार नाही. मयुरी आता मावशीच्या गावात दुकानांसमोरून जायचं टाळते, मागच्या वाटेनं लांबचा फेरा घेऊन जाते. हे मावशीनं सांगितलं तेव्हा बशीरभाई उठून दुकानाच्या आत गेले.

पासवर्ड बदलून मी तीनशे बारा मोबाइल आंधळे केले. तुमच्या मोबाइलातली क्लिप मला पुसता येत नाही, ती तुमच्याच बोटानं पुसली जाईल. म्हणून सांगतो, मागतो म्हणा हवं तर: ती तुमच्याकडे आली असेल, तर उघडू नका, पुढे पाठवू नका. मिनिटभर भिंतीकडे तोंड करा, आणि पुसून टाका.